बाळंतिणीचं पाणी

भादवा लागला की लातूरच्या मासळी बाजारात निळे ड्रम दिसायला लागतात. धर्माबादच्या बाजूनं टेम्पो येतो आणि त्यातून हे ड्रम उतरतात. आत वीतभर पाणी, आणि त्या पाण्यात एकमेकींवर घासत पडलेल्या काळ्या पाठी. मरळ. हा मासा पाण्याबाहेर काढला तरी लवकर मरत नाही, वर तोंड करून हवा पितो, म्हणून तो जिवंतच विकतात. ड्रममागची बाई दर वर्षी मला तेच सांगते, "मॅडम, घरात कुनाचं ऑपरेशन झालंय का? मरळ न्या. जखम लगेच भरती." मी दर वर्षी हसते, मान हलवते आणि पुढच्या दुकानातून अंडी घेऊन घरी येते.

यंदा मात्र मी थांबले. माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या पायाचं बोट साखरेमुळं काढावं लागलं आणि त्या जागेची जखम काही केल्या भरेना. डॉक्टर म्हणाले, ताकदीचं खायला घाला, नाहीतर पाय वाचवणं अवघड जाईल. म्हणजे ड्रममागची बाई सांगते तेच, फक्त अर्धं इंग्रजीतून. मी ड्रमपाशी वाकले, एक मरळ वर येऊन हवा पिऊन गेली, आणि मला एकदम निरगुडीचा वास आला. त्या बाजारात निरगुडी कुठून असणार? पण आला खरा.

आम्ही भोई. आमचं गाव निलंग्याच्या बाजूला, एका जुन्या तलावाच्या काठी. तलाव निजामाच्या काळातला, दगडी बांधाचा. बांधावर उभं राहिलं की एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला आमची दहा-बारा घरं. आमच्या वडिलांना आम्ही बा म्हणायचो. बाला पोहता येत होतं, जाळं विणता येत होतं आणि कुणावर ओरडता येत नव्हतं, एवढंच त्याचं भांडवल. तलावात तेव्हा काय नव्हतं? वाम होती, शिंगटा होता, खवली होती, बारीक झिंगा तर टोपलीनं निघायचा. मच्छीमार सोसायटीनं सोडलेला कटला-रोहू होता. आणि मरळ होती. कटला-रोहू सोसायटीचा, पण मरळ तलावाची स्वतःची. तिचं बी कुणी आणून सोडलेलं नव्हतं, त्यामुळं तिच्याशी वागायची रीतही वेगळी होती.

मामाचं घर नांदेडला, गोदावरीच्या काठी. तिथला झिंगा हातभर लांब असायचा, निळ्या नांग्यांचा. मामा तो दोरीला बांधून आणायचा आणि आम्हा पोरींच्या अंगावर सोडल्यासारखं करायचा. मग खाली-वर बंधारे झाले. मामा म्हणायचा, झिंग्याची पिल्लं समुद्राकडून नदी चढून येतात, आता मधेच भिंत लागली की त्यांनी काय करावं? मला लहानपणी ते झिंगे भिंतीपाशी गर्दी करून उभे असलेले दिसायचे, एसटी चुकलेल्या माणसांसारखे. पुढं पुढं मामाच्या घरी गेलं की बाजारातली कोंबडी मिळायला लागली. मामानं शेवटी नाव विकली आणि गुरुद्वाऱ्याच्या बाजूला फुलांचा गाडा लावला.

तर मरळीची रीत. पावसाळ्यात मरळ काठच्या गवतात घरटं करते. पिल्लं निघाली की ती लालभडक असतात, मोहरीएवढी, आणि सगळी मिळून गोळ्यानं फिरतात. पाण्यावर कुणी कुंकवाचा करंडा सांडल्यासारखं दिसतं. त्या कुंकवाच्या खाली आई असते, बाप असतो. दोघं मिळून राखण करतात. बेडूक जवळ आला तर त्याला धरतात, माणसाचा हात आला तर हातावर धावतात. कोण आई आणि कोण बाप ते वरून कळत नाही, म्हणून आमच्यात दोघांनाही आईच म्हणायचे. असा लाल गोळा ज्याला पहिल्यांदा दिसेल त्यानं काठावर निरगुडीची डहाळी रोवायची. मग ते पाणी बाळंतिणीचं. पिल्लं काळी पडून आपापल्या वाटेनं जाईपर्यंत तिथं जाळं टाकायचं नाही, गळ टाकायचा नाही, म्हैस घालायची नाही, धुणंसुद्धा धुवायचं नाही. बाळंतिणीला निरगुडीच्या पाल्यानं न्हाऊ घालतात, म्हणून निरगुडी. आणि ज्यानं हे मोडलं त्याच्या घरचा पाळणा रिकामा राहतो, असं म्हणत. कुणी ते तपासून बघितलं नव्हतं. बघायची कुणाची हिंमत होती?

मला हसू यायचं ते बायकांचं. डहाळी लागली की धुण्याची जागा बदलायला लागायची, आणि बायका मरळीला नावं ठेवत बादल्या उचलायच्या. "हिला हितंच जागा घावली व्हय बाळंतपनाला," आमची माय म्हणायची. पण बादली उचलायचीच.

अक्काचं नाव कावेरी. माझ्यापेक्षा बरीच मोठी, म्हणून मला तिच्याच कडेवर वाढल्याचं आठवतं. तिला दिलं होतं किल्लारीच्या पट्ट्यातल्या एका गावात. दाजींची थोडी शेती, दगडमातीचं जाड भिंतींचं घर. त्या जाड भिंतींचं आम्हाला केवढं कौतुक होतं! उन्हाळ्यात गार राहतं म्हणायचो. गणपती बोळवून लोक निजले आणि पहाटे त्या भिंती आत पडल्या. अक्का दाराजवळ होती, ती वाचली. दाजींचा पाय मांडीपर्यंत दगडांखाली सापडला. आणि पाळणा आढ्याला टांगलेला होता. वर्षाचा व्हायचा होता तो. त्याचं नाव संजू. मी लिहितेय म्हणून हे नाव इथं आलं, अक्काच्या तोंडून मी ते त्यानंतर कधी ऐकलं नाही.

आमच्या गावात भिंतींना भेगा गेल्या, माणूस कुणी गेलं नाही. पण तलावावर आळ आला. कुणीतरी म्हणालं, एवढं पाणी साठवलं म्हणून जमीन हलली. दुसरं कुणी म्हणालं, मेलेल्यांची राख ओढ्यानं तलावात आली, तिथला मासा खाऊ नका. बाजारात बाचा पाटीभर मासा तसाच राहायला लागला. बायका नाक मुरडून पुढं जायच्या. "कुठल्या तळ्याचा हाय?" एवढंच विचारायच्या. बाला खोटं बोलता यायचं नाही, तो तळ्याचं नाव सांगायचा आणि पाटी उचलून घरी यायचा. शेवटी त्यानं जाळं खुंटीला लावलं आणि पत्र्याचे शेड उभारायच्या कामावर गेला. सगळे भोई गेले. त्या हिवाळ्यात आणि त्या उन्हाळ्यात तलावात कुणी जाळं टाकलं नाही.

आणि मग जो पावसाळा आला त्यात तलाव भरून वाहिला तो माशांनी. आता मी मुलांना हे शिकवते, जीवशास्त्र माझा विषय, की उपसा थांबला की साठा आपोआप वर येतो. फळ्यावर आलेख काढते, रेष वर जाते. पण त्या वर्षी ती रेष मी डोळ्यांनी बघितली आहे. संध्याकाळी बांधावर बसलं तर पाणी उकळल्यासारखं दिसायचं. आणि काठानं बघावं तिथं निरगुडी. एवढ्या डहाळ्या की बायकांना धुण्याला जागा राहिली नव्हती. माणसं रडत होती आणि तळं बाळंत होत होतं. मला त्याचा राग आला होता. आज कुणाला सांगितलं तर हसतील, पण मला त्या पाण्याचा खरोखर राग आला होता. आमच्या घरात एक गेला आणि याच्या घरात एवढी!

त्याच पावसाळ्यात मी अकरावी सायन्सला लातूरला आले. दहावीला मार्क पडले होते, आणि लातूरला शिकलं की डॉक्टर होतं असं तेव्हा सगळ्या मराठवाड्यात पसरायला लागलं होतं. आज या रस्त्यावर भिंत दिसत नाही, हसऱ्या पोरांचे फलकच दिसतात. तेव्हा एवढं नव्हतं. एका सरांच्या घराच्या गच्चीवर पत्रे टाकून आमचा क्लास भरायचा, आणि जमीन जरा हलली की सगळी पोरं वह्या टाकून जिन्याकडं पळायची. सर मात्र खडू हातात धरून तिथंच उभे. "बसा, बसा, हा छोटा होता," म्हणायचे, आणि त्यांचाच खडू थरथरत असायचा. मी दर शनिवारी एसटीनं गावी जायचे. त्यामुळं तो पावसाळा मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो, एकेका शनिवाराचा.

पहिल्या शनिवारी अक्का आमच्याकडं आलेली दिसली. दाजी लातूरच्या दवाखान्यात, पायात सळई, जखम वाहती. महिनोन् महिने. ती चार दिवस दवाखान्यात आणि चार दिवस माहेरी, असं करायची. बोलत नव्हती. मायनं भाकरी पुढं ठेवली की खायची, उचलली की उठायची. मायनं सगळे उपाय करून बघितले, अंगारा, नवस, शेजारणी आणून बसवणं. शेवटी एके दिवशी अक्काच आपण होऊन उठली आणि तळ्यावर गेली. आमच्या घरामागंच एक डहाळी होती. त्या डहाळीपाशी ती बसली ती दिवसभर. खाली लाल गोळा फिरत होता, वर यायचा, हवा प्यायचा, खाली जायचा. माय म्हणाली, "बसू दे. कुटं तरी नजर लागली तिची, हे काय कमी हाय?" दुसऱ्या दिवशी अक्का मला म्हणाली, "मंदे, बघ की, एक मागं राहतंय त्यांच्यातलं. सगळे वर आले की ते मागून येतंय." भूकंपानंतर माझ्याशी बोललेलं तिचं ते पहिलं वाक्य. मी खूप वेळ बघत राहिले, पण मला काही ते मागं राहणारं दिसलं नाही. मी म्हणाले, "हाव अक्का, दिसलं."

पुढच्या खेपेला गेले तर घरात गप्पगप्प. दवाखान्यात सांगितलं होतं की जखम भरली नाही तर पाय गुडघ्यातून काढावा लागेल. आणि दाजींच्या शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं अक्काला सांगितलं होतं, जिवंत मरळीचं पातळ कालवण दे, माझं हाड त्यानंच जुळलं. तेव्हा लातूरला निळे ड्रम येत नव्हते. उदगीर, निलंगा, दोन्ही बाजार बानं पालथे घातले होते, मिळाली ती मेलेली, वास सुटलेली. तलावाच्या मोकळ्या पाण्यात त्यानं गळ लावून बघितले, कटला आला, वाम आली, मरळ आली नाही. त्या दिवसांत मरळी सगळ्या पिल्लांपाशी.

अंगणात बा जाळ्याचं भोक शिवत बसला होता. अक्का त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"बा, मरळ काढ," ती म्हणाली.

"कुठून काढू माय? समद्या बाळंतीण हायत."

"घरामागं हाय."

बाची सुई थांबली. "ती तू बघून राहिलीस की रोज."

"म्हनूनच सांगलाले. काढ."

"कावेरी, वाम देतो. कोंबडी कापतो, रोज एक कापतो. पन डहाळीच्या पल्याड माझं जाळं जानार न्हाई. घरात लेकरं हायत."

"तुझ्या घरात हायत," अक्का म्हणाली. आवाज चढला नाही की उतरला नाही. "माझा पाळना रिकामाच हाय, बा. माझं आता काय घेनार हाय ते तळं?"

माय आत चुलीपाशी होती. तिच्या हातातलं उलथणं खाली पडलं, ते तिनं उचललंसुद्धा नाही. बानं जाळं गुंडाळलं आणि बांधावर निघून गेला. सगळ्या तळ्याच्या काठी, सगळ्या भोयांच्या दहा-बारा घरांत, ती डहाळी ओलांडू शकेल असं एकच माणूस होतं आणि ते माणूस कोण हे त्या क्षणी आम्हा सगळ्यांना कळलं.

पिल्लांपाशी असलेली मरळ खात नाही. ती गळाला भुलत नाही. तिला काढायची एकच तऱ्हा आहे, ती सगळ्यांना माहीत होती आणि कुणी करत नव्हतं. गळाला लहान बेडूक लावायचा आणि तो लाल गोळ्याच्या बरोब्बर मध्ये सोडायचा. ती त्याच्यावर धावते. भुकेनं नाही, रागानं. अक्कानं दुसऱ्या दिवशी सकाळी बेडूक धरला. तिचे हात भोयाच्या लेकीचे, कुणी शिकवावं लागलं नाही. मी दारातून बघत होते. तिनं डहाळीला हात जोडले, मग पदर खोचला आणि गळ सोडला. लाल गोळा फुटला, पाणी फाटल्याचा आवाज आला आणि काठी वाकली. तेवढंच. आई होती की बाप, कुणाला ठाऊक. ती तिनं पाण्याच्या घागरीत ठेवली. दोन दिवसांनी दुसरीही काढली, कारण एका मरळीनं भागणार नव्हतं. ही दुसरी काढताना मी तिथं नव्हते, मायनं सांगितलं. दुसरी लगेच धावली म्हणाली. एकटीच राखत होती ना.

मासा साफही अक्कानंच केला. मरळ बुळबुळीत, हातात राहत नाही, म्हणून चुलीतल्या राखेनं चोळायची. तिनं चोळली. हळद, लसूण, मिरी, मीठ, तिखट नाही. डबा बांधला आणि एसटीनं लातूरला गेली. दाजींना सांगितलं, बानं पाठवलंय.

आणि मग दवाखान्याच्या फेऱ्यांमधल्या दिवसांत अक्का पाण्यात उभी राहायला लागली.

मी शनिवारी एसटीतून उतरले, बांधावरून घरी येत होते, तर ती मला लांबूनच दिसली. लुगडं वर खोचून, गुडघाभर पाण्यात, हातात बाभळीची काठी. मला वाटलं काहीतरी हरवलंय. जवळ गेले तर तिच्या पायांशी लाल गोळा. आधीपेक्षा लहान, पण होता. वर खंड्या बसलेला, गवतात बगळे, पाण्यात बेडूक आणि पिल्लं खाणारी चिलापी. ती काठीनं पाणी मारायची, बगळा उडायचा, पुन्हा येऊन बसायचा. "हाड," म्हणायची ती त्याला, कुत्र्याला म्हणावं तसं. मी म्हणाले, "अक्का, काय करून राहिलीस गं?" ती म्हणाली, "उगं ऱ्हा. जवळ येऊ नको, भितात ती." लोक म्हणाले, डोकं फिरलं हिचं. माय दिवसातून चार वेळा काठावर जाऊन रडायची. पिल्लं खरोखर तिच्या पायाशी यायची का सावलीसाठी तिथं थांबायची, हे मला तेव्हाही माहीत नव्हतं आणि एवढं शिकून आताही सांगता येणार नाही. मला तर ती तिच्याकडंच आलेली दिसली.

त्याच्या पुढच्या शनिवारी मी बांधावर आले आणि पाण्यात बा उभा होता. धोतर खोचून, तीच काठी हातात. अक्का दाजींपाशी लातूरला गेली होती. आयुष्यभर मासे धरणारा माणूस, मोहरीएवढी पिल्लं राखत उभा. मला बघून त्यानं मान वळवली. त्याच्या गालावर पाणी होतं आणि त्या दिवशी पाऊस नव्हता. मी दप्तर काठावर ठेवलं आणि त्याच्याशेजारी पाण्यात जाऊन उभी राहिले. आम्ही दोघं कितीतरी वेळ खंड्या हाकलत होतो. गोळा म्हणावा असं आता काही उरलं नव्हतं, नुसते दहा-वीस ठिपके.

आणखी एका शनिवारी तिथं कुणीच नव्हतं. पाण्यातही आणि काठावरही. अक्का घरात गहू निवडत बसली होती. बा दारातून आत आला आणि तिच्याकडं न बघता म्हणाला, "काळी पडली असतील गं. मोठी झाली की खाली जातात ती."

"हाव," अक्का म्हणाली.

"तळाला गेली असतील."

"हाव, बा. गेली असतील."

काळं पडायला अजून अवकाश होता, हे तिघांनाही माहीत होतं.

दाजींचा पाय वाचला. डॉक्टर म्हणाले औषधानं, गाव म्हणालं मरळीनं. लंगडत का होईना, पण ते चालत घरी आले, पुढं पुष्कळ वर्षं चालले, आणि गेले ते पायामुळं नाही, छातीच्या दुखण्यानं गेले. मरळ कुठली होती हे त्यांनी कधी विचारलं नाही. अक्काला नंतर मूल झालं नाही. दवाखाने झाले, देव झाले. डॉक्टरांनी कारणं सांगितली, मीही तिला चित्र काढून समजावली. तिनं ऐकून घेतलं. "तुझं पुस्तक खरं हाय मंदे," म्हणाली, "मी कुटं न्हाई म्हनलाले?" आणि कढीपत्ता निवडायला लागली.

तलावाचं पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण ते सांगायला मला आवडत नाही. दाजींचा पाय बरा झाल्याची बातमी पट्टाभर पसरली. त्या पट्ट्यात न भरलेल्या जखमा काय कमी होत्या? जिवंत मरळ मागायला माणसं यायला लागली. नाही कुणाला म्हणायचं? कुणाचा बाप खाटेवर, कुणाची लेक. पुढच्या वर्षी तलावाचा ठेका बाहेरच्या माणसाला गेला. त्याच्या लोकांना मरळ शोधायची गरजच पडली नाही. ते डहाळी बघायचे आणि तिथं गळ सोडायचे. आम्हीच रोवलेल्या डहाळ्या. भोई बोलायला गेले तर त्यांनी ऐकवलं, तुमच्याच लेकीनं काढली, मग आम्हाला का शिकवता? बानं त्या दिवसापासून निरगुडी रोवायची सोडली. दिसला लाल गोळा तरी तोंड फिरवून पुढं जायचा, कुणाला कळू नये म्हणून. पण त्यांनाही डोळे होतेच. चार-पाच पावसाळ्यांत मरळ संपली. आता तलावात चिलापी आहे, काट्यांची, कुणी फुकट दिली तरी नाक मुरडावं अशी. मी अक्काला कितीदा सांगितलं की ठेकेदाराच्या बारीक जाळ्यानं आणि दुष्काळानं हे होणारच होतं, तू एक नसतीस तरी. ती म्हणते, "व्हय." पण तिचं व्हय मला ओळखीचं आहे.

आम्ही सगळेच मग लातूरला आलो. मी डॉक्टर झाले नाही, होणाऱ्यांना शिकवायला लागले. अक्कानं आणि दाजींनी क्लासच्या पोरांची खानावळ चालवली. पोरं तिला अक्काच म्हणायची. हदगावची, धर्माबादची, देगलूरची, कुठली कुठली पोरं, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, पाठीवर ओझं. जेवून ती क्लासला निघाली की अक्का गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहायची आणि रिक्षांना हात दाखवून सगळी पोरं रस्त्यापलीकडं जाईपर्यंत हलायची नाही. दाजी चिडवायचे, "झाली का तुझी वाहतूक पोलिसाची ड्युटी?" मी मात्र तिच्या पायांकडं बघायचे. कोरड्या डांबरावर ती उभी असायची तीसुद्धा पाय फाकवून, पाण्यात उभं राहावं तशी. खानावळीत मटण व्हायचं, अंडी व्हायची. मासा कधी नाही.

तर यंदा मी मरळ घेतली. ड्रममागच्या बाईनं राखेऐवजी मीठ चोळून साफ करून दिली. हळद, लसूण, मिरी, मीठ. तिखट नाही. कुणी सांगितल्याशिवाय माझे हात तसेच चालले. वासानं तिला कळणार हे मला माहीत होतं. मी वाटी घेऊन खोलीत गेले तेव्हा ती उशाला टेकून बसली होती आणि पट्टी बांधलेला पाय समोर पसरलेला होता. तिनं वाटीकडं बघितलं. मी तयारच होते, हट्ट करणार होते, रडणार होते, तुझा पाय गेला तर मी काय करू असं ओरडणारसुद्धा होते. तिनं एवढंच विचारलं.

"पिल्लं होती का हिच्याखाली?"

"न्हाई अक्का," मी म्हणाले. "ही तळ्यातली न्हाईच. आता शेततळ्यात पाळतात. बी विकत आणतात, वाढवतात आणि काढतात. हिला पिल्लंच नव्हती. खरंच. हिला कधी पिल्लंच झाली न्हाईत."

मी खरं बोलत होते. तिनं माझ्या तोंडाकडं निरखून बघितलं, खात्री करून घेतली. मग दोन्ही हातांनी वाटी धरली, पण ओठाला लावली नाही. खूप वेळ तिच्यात बघत राहिली.

"मग हिचाबी पाळना रिकामाच. माझ्यागतच की ही," ती म्हणाली, आणि वाटी हळूच, न सांडता, माझ्या हातात परत दिली.